बंद पडलेलं कपाळ

सत्तावीस हजार रुपये मोजून मी माझं कपाळ बंद पाडून घेतलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पूर्ण शुद्धीत होते, भर दुपारी गेले होते आणि वर त्या डॉक्टरला "जरा जास्तच द्या, सारखं सारखं यायला जमत नाही मला" असंही मीच म्हणाले होते. आता बोल तरी कुणाला लावायचा?

मी जीवशास्त्र शिकवते. आधी सोळा वर्षं लातूरला, ट्यूशन एरियात, आणि आता नांदेडला, त्याच क्लासच्या शाखेत. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं, एकेका वर्गात दोनशे. म्हणजे सुरकुत्या घालवायचं ते इंजेक्शन आत जाऊन काय करतं हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप जातो, आणि हे विष तो निरोप वाटेतच अडवतं. स्नायू बिचारा वाट बघत बसतो. दरवर्षी मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवते, खाली दोन रेघा ओढते आणि सांगते, "यावर हमखास प्रश्न येतो." आला. मलाच आला.

माझ्याबरोबर माझी अक्का राहते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या गावात तेव्हा धड मुलींना शाळेत घालत नव्हते, तिथं बहिऱ्या मुलीची शाळा कोण काढतंय? त्यामुळे शिकवलेली खुणांची भाषा तिला येत नाही, मलाही येत नाही. आमची आमची एक भाषा आहे. आई, अक्का आणि मी, तिघींत घरातल्या घरात तयार झालेली. आई गेल्यापासून ती जगात दोघींनाच येते. तिच्यात हात थोडे लागतात, तोंड जास्त. भुवया वर गेल्या की प्रश्न. मधोमध आक्रसल्या की 'थांब' नाहीतर 'नको'. एकच वर केली की थट्टा. ओठांपाशी हात नेला आणि भुवया खाली असल्या तर 'तू जेवलीस', आणि वर असल्या तर 'जेवलीस का'. एवढाच फरक, पण सगळी जिंदगी त्याच्यावर चाललेली.

आता भूकंपाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. आमचं गाव औशाकडचं. गाव पुरतं गेलं नाही, आमच्या घराच्या दोन भिंती गेल्या. माणसं वाचली म्हणून आई दिसेल त्या देवापुढं नारळ फोडत सुटली होती. पुढं वर्ष-दीड वर्ष आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढलं. जमीन काही शांत झाली नव्हती, अधूनमधून हलायचीच. लोकांनी घरोघर एक युक्ती काढली होती. तांब्यावर तांब्या ठेवायचा, त्यावर वाटी पालथी घालायची. जरा हललं की सगळं खणकन खाली यायचं आणि घरातली माणसं धूम बाहेर.

अक्काला त्या खणखणाटाचा उपयोग काय, डोंबल? पण जमिनीची थरथर तिला आम्हा सगळ्यांच्या आधी कळायची, तळपायातून. अडचण अशी की तिला सगळीच थरथर कळायची. एसटी गेली तरी कळायची, सिमेंटचे ट्रक आले तरी कळायची, शेजारच्या शेडमध्ये कुणी खुंटी ठोकली तरी कळायची. पहिले काही दिवस ती प्रत्येक ट्रकला बाहेर पळाली. गल्लीतली पोरं हसायची. मी दोघा-तिघांना दगड मारून आले होते, ते वेगळं. मग तिनं माझ्याकडे बघायला सुरुवात केली. पायाला थरथर लागली की हातातलं काम सोडून थेट माझ्या तोंडाकडे बघायची. माझं कपाळ वर चढलेलं दिसलं की पळायचं. नाही दिसलं तर ट्रक आहे, बस खुशाल.

मी बारा वर्षांची पोर आणि एका माणसाचा जीव माझ्या भुवयांवर. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू? घरात, गावात, शाळेत दुसऱ्या कुणाला माझी एवढी गरज नव्हती.

ती सवय तीस वर्षांत गेली नाही. नांदेडला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. समोरच्या रस्त्यानं वाळूचे टिप्पर जातात, फरशी थरथरते. अक्का माझ्याकडे बघते. मी पेपर तपासता तपासता नुसती मान वर करते, काही नाही म्हणून, आणि ती पुन्हा डाळ निवडायला लागते. दिवसातून चार-पाच वेळा तरी हे चालायचं, आणि बाकीचं दिवसभराचं बोलणं भुवयांनीच. माझ्या कपाळावर तीन आडव्या रेघा आणि दोन भुवयांच्या मधोमध एक खोल उभी रेघ का होती, हे एखाद्या लहान मुलानंसुद्धा सांगितलं असतं. मला मात्र त्या नुसत्या रेघाच दिसत होत्या.

झालं असं की क्लासनं स्टुडिओ काढला. आता पोरं मोबाइलवर पण शिकणार. क्लासच्या मालकांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो. सरांनी पहिलं रेकॉर्डिंग बघितलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, शिकवायलाव तर तुम्ही एक नंबर. पर कॅमेऱ्यात लई चिडल्यावानी दिसायलाव."

"चिडलेच होते, सर. लाईट दोनदा गेली."

"ते हाय. पर पालक बघतेत न्हवं. जरा प्रसन्न पाहिजे."

आठ दिवसांत पोरांनी माझ्या त्या चिडक्या तोंडाचं स्टिकर करून व्हॉट्सॲपवर फिरवलं. खाली लिहिलेलं, 'हे परत सांगणार नाही.' मी हसले. हसावंच लागतं, नाहीतर आणखी दोन निघतात. पण घरी येऊन फोनवर ते बघत बसले, मोठं करून, लहान करून. मग प्रवेशाच्या दिवसांत चौकाचौकात फ्लेक्स लागले. फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर माझं तोंड असं काही पुसून काढलं होतं की बघत राहावं. अक्काला मी रिक्षातून मुद्दाम दाखवायला नेलं. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंच केल्या. कोण ही?

मी हसून तिच्या दंडावर चापट मारली. तिथंच शहाणं व्हायला हवं होतं.

कारण दुसऱ्याच दिवशी कंधारकडची एक बाई पोरीला घेऊन प्रवेशाला आली. काउंटरशी मी उभी होते. ती मला विचारते, "फ्लेक्सवरल्या म्याडम कोन्त्या हायत? त्याच शिकिवनार न्हवं?"

"मीच ती."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पोरीला हळूच म्हणाली, "मोठी भन आसंल."

मी तो दिवस कसा काढला, माझं मला माहीत. तास घेतले, शंका सोडवल्या, चहा घेतला, आणि आत सारखी चुळबुळ. स्टाफरूमच्या आरशात बघितलं. स्कूटीच्या आरशात बघितलं. सिग्नलला थांबले तर शेजारच्या गाडीच्या काचेत बघितलं. बेचाळीस वर्षांच्या बाईनं स्वतःच्याच फ्लेक्सचा मत्सर करावा, याला काय म्हणायचं? ते चिकणं तोंड फ्लेक्सवर आहे, तर ते धडावर का नको, एवढंच डोक्यात बसलं.

हैदराबादचा एक डॉक्टर महिन्याच्या पहिल्या रविवारी नांदेडला येतो, असं दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी सांगितलं. गेले. जिना चढून वर गार हवा, गुलाबी सोफे, भिंतीवर एकाच बाईचे दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. काउंटरवरच्या मुलीला किंमत विचारली तर ती एकदम सांगेना. "युनिटवर असतं मॅडम. डॉक्टर ठरवतात किती लागतात ते." म्हणजे सोनाराकडं गेल्यासारखं, वजन नंतर आणि भाव आधी. आमच्या बोलण्यात दिवाळीची ऑफर निघाली, ती त्याच रविवारी संपत होती. एक कागद पुढं केला, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला. 'प्रश्न पूर्ण वाचल्याशिवाय पेनाला हात लावायचा नाही' असं जी बाई वीस वर्षं ओरडते आहे, तिनं तो कागद न वाचता सही केली.

डॉक्टर पोरगाच होता. "गुस्सा कीजिए, मॅम," म्हणाला. मी कपाळाला आठ्या घातल्या. "अब हैरान होइए." मी भुवया वर नेल्या. त्यानं पांढऱ्या पेन्सिलनं टिंबं काढली आणि टोचत गेला. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. निघताना ती मुलगी म्हणाली, "आज कपाळाला हात लावू नका. चोळायचं तर अजिबात नाही, नाहीतर औषध खाली उतरतं."

घरी आले तर अक्कानं लगेच कपाळावरचे लाल ठिपके पाहिले. काय झालं? मी काय सांगणार? तिला आपली धाकटी बहीण लई हुशार वाटते. मी डोकं धरून दाखवलं, मग सुई दाखवली. डोकं दुखतं म्हणून इंजेक्शन घेतलं. तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा एवढं धडधडीत खोटं बोलले, आणि ते तिनं एका झटक्यात खरं मानलं. जेवण झाल्यावर ती बामची बाटली घेऊन आली. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही अंगठ्यांनी कपाळ असं काही दाबून दिलं, मधून बाहेर, वरून खाली, लहानपणी ताप आल्यावर द्यायची तसं. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं बाई, चोळू नको! पण कुठल्या तोंडानं सांगू? आणि खरं सांगते, बरं पण वाटत होतं. गप पडून राहिले.

पाचव्या-सहाव्या दिवशी निकाल लागला. आडव्या रेघा गेल्या, कबूल. पण डाव्या भुवईचं टोक वर चढून बसलं, मालिकेतल्या कपटी सुनेसारखं. उजवी पापणी अर्धी खाली आली. आणि ज्या उभ्या रेघेसाठी एवढा खटाटोप केला, ती जिथल्या तिथं. क्लिनिकला फोन केला.

"सेटल होऊ द्या मॅडम."

"पापणी सेटल होऊन डोळ्यावर पडली आहे हो."

"डॉक्टर आता पुढच्या महिन्यात येतील. तुम्ही चोळलं तर नव्हतं ना?"

मी फोन ठेवला.

वर्गात तर फजितीच झाली. माझा वर्ग मी कधी आवाजानं धरला नाही, नजरेनं धरला. शेवटच्या बाकावर कुणी कुजबुजलं की बोलता बोलता थांबायचं, कपाळाला आठी घालायची आणि त्याच्याकडे बघत राहायचं. पोरगं आपोआप गप. आता मी थांबले, डोळे वटारले, आणि ते पोरगं माझ्याकडे बघून छान हसलं. त्याला वाटलं मॅडम आज मूडमध्ये आहेत. मी आत नुसती धुमसत होते आणि बाहेर काहीच पोचत नव्हतं. ओरडून ओरडून घसा बसला. सरांनी काळजीनं विचारलं, "मॅडम, झोप होत न्हाई का?" एका डोळ्यानं पेंगणाऱ्या मॅडमचं नवं स्टिकर निघालं. ते जुन्यापेक्षा जास्त चाललं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण घरात बोलणं अडायला लागलं. 'जेवलीस का' विचारावं, तर ती मान हलवून मोकळी व्हायची. तिला वाटायचं, मी नुसतं सांगते आहे. पुन्हा विचारलं की ती वैतागायची, तेच तेच काय सांगतेस? एकदा वांग्याची भाजी फार झकास झाली होती. मी नेहमीसारखी थट्टा केली, जीभ बाहेर काढून, खारट झाली म्हणून, आणि एक भुवई वर. म्हणजे मला वाटलं वर. भुवई जागची हलली नव्हती. अक्का उठली, माझं ताट उचललं, भाजी बाजूला केली आणि पिठलं करायला बसली. मी हात जोडले, अगं थट्टा, थट्टा! ती बघतच नव्हती. ते पिठलं मी खाल्लं. ताट पुसून खाल्लं.

त्या दिवशी मला कळलं होतं. म्हणूनच पुढचं सांगायची लाज वाटते. कळूनसुद्धा मी पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी पुन्हा गेले.

का गेले? कारण एवढे पैसे घालून असं वेडंवाकडं तोंड घेऊन फिरायचं माझ्या जिवावर आलं होतं. डॉक्टर म्हणाला, कपाळाला कडेनं आणखी थोडं दिलं की भुवईचं टोक खाली येईल, आणि उभ्या रेघेत फिलर भरू. फिलरचा हिशेब सिरिंजवर. मी हो म्हणाले. अक्कासाठी दाराच्या बेलला जोडायचा लखलखणारा दिवा आणायचा होता, कुणी आलं की तिला दिसावं म्हणून. दोन वर्षं मी 'पुढच्या पगारात' म्हणत होते. दाराच्या वर त्याची नुसती वायर काढून ठेवलेली. त्या रविवारी घरी आले तेव्हा त्या वायरीकडे मी बघितलंच नाही.

पापणी हळूहळू आपोआप वर आली. आता भुवया सरळ झाल्या. इतक्या सरळ की वर जात नव्हत्या, खाली येत नव्हत्या. रेघ भरली आणि तिच्या जागी वाटाण्याएवढी गाठ उभी राहिली. पण लांबून बघितलं तर मी बऱ्यापैकी फ्लेक्ससारखी दिसत होते. सर खूश झाले.

दहा-बारा दिवस झाले असतील. सकाळ होती, साडेसातची बॅच होती, माझी केस विंचरायची घाई. अक्का स्वयंपाकघरात भाकरी करत होती. ओट्यापाशी उभं राहून तिला भाकरी जमत नाही, शेगडी खाली घेऊन फरशीवर बसते. मी दारात उभी होते. आणि पायाखालून गेलं. टिप्पर नव्हता तो. तीस वर्षांनी का होईना, अंगाला ओळखू येतं. भांड्यांच्या मांडणीतनं किणकिण झाली, पंखा झुलला. अक्कानं हात थांबवून माझ्याकडे बघितलं. आमची नजरानजर झाली. मी पळाले.

मी पळाले, कारण मी तिला सांगितलं होतं! माझ्या मनानं तर सांगितलंच होतं. कपाळ वर गेलं, तिनं बघितलं, आता ती उठणार आणि मागोमाग येणार. तीस वर्षं तसंच होत आलं होतं. जिना कसा उतरले आठवत नाही. खाली घरमालकीण भाभी दारातनं ओरडत होत्या, "अरे निकलो, निकलो! जमीन हिल रई!" त्यांच्या सुना, टेलरिंगच्या दुकानातली माणसं, समोरच्या हॉस्टेलची पोरी, सगळे रस्त्यावर. भाभींनी माझा हात धरला, मागं बघितलं आणि म्हणाल्या, "तुमारी अक्का किदर है?"

मी मागं वळले. जिन्यावर कुणी नव्हतं.

जमीन तोवर थांबली होती. काही पडलं नाही, कुणाला खरचटलं नाही. मी वर बघत उभी होते. हाक मारून उपयोग नव्हता. भाकरी तव्यावरून काढून निवांत झाल्यावर अक्का गॅलरीत आली, हाताला पीठ तसंच. तिनं खाली रस्ताभर माणसं बघितली. एकेकाचं तोंड बघत गेली. मग तिला त्यांच्यात मी दिसले.

तिच्या भुवया वर गेल्या नाहीत. तिनं मला काही विचारलंच नाही. आत निघून गेली.

मी वर गेले तेव्हा ती उरलेली भाकरी थापत होती. मी समोर बसले, तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. बहिऱ्या माणसानं नजर फिरवली की संपलं. मी आपली हात हलवते आहे, छाती पिटते आहे, आणि ती तव्याकडे बघते आहे. मी बॅच बुडवली. वीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्यासमोर फरशीवर बसून राहिले आणि रडले. शेवटी केव्हातरी तिनं बघितलं.

मग सगळं सांगितलं. सुई. कपाळ. डोकं दुखत नव्हतं, मी खोटं बोलले. चौकातला तो फ्लेक्स. तशी दिसावी म्हणून. हलत नाही आता, मेलं आहे कपाळ. तिनं अंगठ्यावर बोट घासलं. किती? मी आकडा बोटांवर दाखवला. ती क्षणभर दाराच्या वर लोंबणाऱ्या वायरीकडे बघत राहिली. मग जवळ सरकली. पिठाच्या अंगठ्यानं माझी उजवी भुवई धरून वर ढकलली आणि तशीच धरून ठेवली, माझ्या तोंडाकडे बघत. मग सोडली. भुवई खाली घसरली. पुन्हा ढकलली, पुन्हा सोडली. मग तिनं माझ्याकडे बोट केलं आणि दोन बोटं फरशीवर पळवली. तू पळालीस. स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि फरशीवर थोपटलं. मी इथं.

काय सांगू मला काय वाटलं! तिनं मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

क्लिनिकला विचारलं, याच्यावर उतारा आहे का? फिलर विरघळवता येईल, म्हणे, त्याचे वेगळे. बाकीचं आपोआप उतरतं, तीन-चार महिने धीर धरा. मला काय सांगतेस, बये, मीच शिकवते ते. मज्जातंतूला नवे फाटे फुटतात, मग निरोप जायला लागतो. पण फळ्यावर ते दोन मिनिटांत फुटतात. मी महिनोन्‌महिने सकाळी आरशापुढं उभी राहून भुवया वर, भुवया वर, असं ओरडायची बाकी राहिले होते. वर्गात फळ्याकडे तोंड करून उगं कपाळ ताणून बघायची. रिक्षात बसून बोटानं चाचपायची. दुसऱ्या बायका रेघा यायच्या भीतीनं आरसा बघतात. मी रेघा का येत नाहीत म्हणून बघत होते.

क्लिनिकमधून मेसेज आला, 'परिणाम टिकवण्यासाठी पुढील सिटिंगची वेळ झाली आहे.' मी तो पुसून टाकला आणि त्याच पगारात बेलचा दिवा बसवला. अक्काला आवडला. भाभींची नातवंडं दिवसभर बेल दाबून पळत होती आणि ती दर वेळी दार उघडत होती.

कपाळ हललं ते वर्गात. एका पोरानं हृदयाला पाच कप्पे सांगितले आणि मला न विचारता माझ्या भुवया वर गेल्या. समोरच्या बाकावर एकदम शांतता पसरली. मला ती कळली आणि डोळे भरून आले. तास संपवला, पुढचा दुसऱ्या सरांच्या गळ्यात घातला आणि रिक्षा करून घरी आले. बेल दाबली. दिवा लागला, अक्का आली. मी दारातच भुवया वर केल्या. खाली केल्या. एकच वर केली. तिनं अंगठा ठेवून बघितलं, एक, दोन, तीन, आडव्या रेघा मोजल्या आणि माझ्या गालावर चापट मारली. हसली. मला वाटलं, सुटले बाई.

शेगडीजवळच्या फळीवर एक काचेचा पेला असतो. पाण्यानं भरलेला, आत चिमूटभर हळद. पाणी पिवळं दिसतं, लांबून दिसतं. या नांदेडच्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवसापासून तो तिथं आहे. आधी मला वाटलं, औषधाचं काही असेल. विचारलं तर तिनं फरशीवर थाप मारली आणि पेल्याकडे बोट केलं. पाणी हललं होतं.

परवा दुपारी मी पेपर तपासत होते आणि ती शेंगा फोडत होती. समोरून टिप्पर गेला, फरशी थरथरली. मी लगेच मान वर करून तिच्याकडे बघितलं, कपाळ सैल सोडलं, काही नाही, बस, ट्रक आहे. ती फळीकडे बघत होती. पाण्यावर बारीक लाट उठली आणि विरली. ते नीट विरेपर्यंत तिनं बघितलं. मग माझ्याकडे वळली, छान हसली आणि शेंगा फोडायला लागली.

त्या पेल्यातलं पाणी ती रोज सकाळी बदलते.